मिकी माऊस ‘सगळ्यांचा’ झाला म्हणजे नेमका कोणता मिकी? १९२८ साल आणि ९५ वर्षांचा हिशेब

१ जानेवारी २०२४ ला ‘मिकी माऊसवरचा डिस्नेचा हक्क संपला’ अशा बातम्या सगळीकडे झळकल्या. त्याच दिवशी मिकीचा मुखवटा घातलेल्या खुन्याच्या भयपटाचा ट्रेलर आला. आपल्याकडेही अनेकांचा समज झाला की आता टी-शर्टवर, बालवाडीच्या भिंतीवर, यूट्यूबच्या व्हिडिओत मिकी बिनधास्त काढता येईल. बातमी खरी होती, पण अर्धी. हक्क संपला तो १९२८ साली आलेल्या, जेमतेम साडेसात मिनिटांच्या एका कृष्णधवल कार्टूनवरचा. आज आपण ज्याला मिकी म्हणून ओळखतो, त्या लाल चड्डी, पांढरे हातमोजे आणि पिवळ्या बुटांतल्या उंदराला त्या दिवशी काहीच झालं नाही.

हा फरक कळला नाही तर दोन प्रकारची माणसं फसतात. एक, फुकट आहे समजून भलताच मिकी छापणारी. दुसरी, कायद्याच्या भीतीने जे खरोखर खुलं आहे त्यालाही हात न लावणारी. माझ्या मते दुसऱ्या प्रकारचं नुकसान जास्त मोठं आहे.

१९२८ साली काय घडलं

या साली वॉल्ट डिस्नेच्या हातून आधीचं पात्र गेलं. ऑस्वाल्ड नावाचा ससा त्याच्या स्टुडिओने रंगवला, लोकप्रिय केला, पण पात्राचे हक्क होते युनिव्हर्सल कंपनीकडे. वितरक चार्ल्स मिंट्झशी पैशांची बोलणी करायला वॉल्ट न्यूयॉर्कला गेला, तेव्हा मिंट्झने स्टुडिओतले बहुतेक चित्रकार आधीच आपल्या बाजूला वळवले होते. डिस्नेकडे उरला अब आयवर्क्स, विलक्षण वेगाने चित्रं काढणारा माणूस. या दोघांनी मिळून नवं पात्र उभं केलं, ते मिकी. पात्र कोणी काढलं यापेक्षा कागदावर मालकी कोणाची याला महत्त्व असतं, हा धडा डिस्ने कंपनी तिथे शिकली आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षं विसरली नाही.

मिकीचं पहिलं कार्टून ‘प्लेन क्रेझी’ मे १९२८ मध्ये मूकपट म्हणून प्रेक्षकांना दाखवून पाहिलं, पण वितरक मिळाला नाही. दुसऱ्याचंही तेच झालं. तिसरं ‘स्टीमबोट विली’ त्यांनी आवाजासकट करायचं ठरवलं. चित्रपटांत आवाज येऊ लागला होता, आणि आवाज असलेली कार्टूनंही याआधी निघाली होती. फ्लायशर बंधूंनी १९२० च्या दशकाच्या मध्यातच गाण्यांची बोलकी कार्टूनं केली होती. त्यामुळे ‘जगातलं पहिलं बोलकं कार्टून’ हे ‘स्टीमबोट विली’चं बिरुद खरं नाही. खरं वेगळेपण आहे ते चित्र आणि ताल यांच्या काटेकोर जुळणीत.

ती जुळणी कशी साधली हे पाहण्यासारखं आहे. आवाजाची फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला १४४०. मेट्रोनोम या ठोके देणाऱ्या यंत्रावर मिनिटाला १२० ठोके धरले तर दर १२ चौकटींना एक ठोका पडतो. ९० ठोके धरले तर १६ चौकटींना. ही आकडेमोड एकदा केली की चित्रकाराला आधीच कळतं: पाय आपटायचा तो बाराव्या चित्रात, पुढचा चोविसाव्या. संगीताची माहिती असलेल्या विल्फ्रेड जॅक्सनने मेट्रोनोम लावून हे हिशेब बसवले आणि कोणत्या मात्रेला कोणती हालचाल याचा तक्ता आखला. तरीही न्यूयॉर्कमधलं पहिलं ध्वनिमुद्रण फसलं, कारण वाद्यवृंदाचा संचालक पडद्याकडे बघून वेग सांभाळू शकला नाही. दुसऱ्या खेपेला तालाची खूणच पडद्यावर दिसेल अशी सोय केली आणि ते जमलं. १८ नोव्हेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये ते झळकलं. आजही कायद्याच्या दृष्टीने मिकीचा जन्म मोजला जातो तो याच वर्षापासून.

९५ वर्षं आली कुठून

आधी एक शब्द. कॉपीराइट म्हणजे एखादी कृती छापण्याचा, दाखवण्याचा, तिच्यावरून नवं काही करण्याचा मालकाचा हक्क. तो कायमचा नसतो, मुदतीचा असतो. मुदत संपली की कृती सगळ्यांना खुली होते.

‘स्टीमबोट विली’ निघालं तेव्हा अमेरिकेत २८ वर्षांचा हक्क मिळायचा आणि अर्ज करून तो आणखी २८ वर्षं वाढवता यायचा. म्हणजे जास्तीत जास्त ५६ वर्षं. तो हिशेब टिकला असता तर हे कार्टून १९८४ च्या अखेरीस खुलं झालं असतं. पण १९७६ च्या कायद्याने जुन्या कृतींची मुदत ७५ वर्षं केली, त्यामुळे तारीख २००३ च्या अखेरीस गेली. ती जवळ येत असताना १९९८ साली आणखी २० वर्षांची वाढ झाली. या वाढीसाठी डिस्नेने जोर लावला होता, म्हणून तिला लोक मिकी माऊसचा कायदाच म्हणू लागले. तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ती वैध ठरवली. १९२८ अधिक ९५ म्हणजे २०२३. मुदत नेहमी ३१ डिसेंबरला संपते, म्हणून खुलं होण्याचा दिवस १ जानेवारी २०२४.

वाढीचा अर्ज करायचा राहिला तर? मग हक्क पहिल्या २८ वर्षांनंतरच गेला. १९४१ ते १९४३ दरम्यान निघालेली सुपरमॅनची १७ सुंदर कार्टूनं अशीच खुली झाली आहेत. मात्र सुपरमॅन हे पात्र १९३८ च्या कॉमिकमधलं आहे आणि तिथला हक्क २०३३ च्या अखेरपर्यंत चालू आहे. म्हणजे ती कार्टूनं तुम्ही दाखवू शकता, पण त्यांच्यावरून सुपरमॅनची नवी गोष्ट काढू शकत नाही. कार्टून खुलं आणि पात्र बंद, अशी ही स्थिती.

खुला झालेला मिकी ओळखायचा कसा

एक बहुमजली वाडा डोळ्यांसमोर आणा. मिकीचं प्रत्येक वर्षाचं काम म्हणजे त्या वाड्यावर चढवलेला एकेक मजला. तळमजला १९२८ चा. त्याचं कुलूप उघडलं म्हणून वरच्या मजल्यांवर फिरता येत नाही. ते दर १ जानेवारीला एकेक करून उघडतात.

१९२८ चा मिकी असा आहे: काळा-पांढरा, हातमोजे नाहीत, लांबट तोंड, सडपातळ हातपाय, लांब शेपूट, दोन बटणांची चड्डी, मोठे बूट. ‘स्टीमबोट विली’त डोळे म्हणजे काळे लंबगोल ठिपके आणि डोक्यावर खलाशाची टोपी. तो बोलत नाही, शीळ घालतो. स्वभावही आजच्यासारखा गोड नाही. प्राण्यांना दाबून, ओढून त्यांची वाद्यं करणारा हा खोडकर, थोडा आडदांड उंदीर आहे. याच कार्टूनमधली मिनी आणि दांडगा पीट हेसुद्धा तळमजल्यावरचेच.

हातमोजे आले १९२९ मध्ये, आणि त्याच वर्षी तो पहिल्यांदा बोलला. ही कार्टूनं १ जानेवारी २०२५ ला खुली झाली. १९३० ची कामं १ जानेवारी २०२६ ला, त्यात मिकीची वर्तमानपत्रातली पहिली चित्रपट्टी आणि पुढे प्लूटो झालेल्या कुत्र्याचं अगदी सुरुवातीचं रूपही आलं. डोनाल्ड डक १९३४ चा, म्हणजे २०३० ची वाट पाहावी लागेल. पडद्यावरचा पहिला रंगीत मिकी १९३५ चा, तो २०३१ ला. ‘फँटेशिया’तला जादूगाराचा शिष्य झालेला मिकी १९४० चा, तो २०३६ ला.

मग स्वतःच्या १९२८ च्या मिकीला रंग द्यायचे नाहीत का? द्या की. तुमची भर तुमचीच असते. फक्त ती भर डिस्नेच्या नंतरच्या मिकीकडे झुकायला नको. लाल चड्डी, पिवळे बूट आणि पांढरे हातमोजे एकत्र आले की तुमचं चित्र तळमजल्यावरचं राहत नाही. निळी चड्डी आणि तपकिरी बूट दिले तर वादाचं कारणच उरत नाही.

पण मिकी तर डिस्नेचा लोगो आहे ना?

हा आक्षेप रास्त आहे. इथे कॉपीराइटपेक्षा वेगळी गोष्ट येते, ट्रेडमार्क. वस्तू कोणत्या कंपनीची हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून वापरलेली खूण म्हणजे ट्रेडमार्क. तो वापरात असेपर्यंत टिकतो. भारतात ट्रेडमार्कची नोंदणी १० वर्षांची असते आणि ती कितीही वेळा वाढवता येते. डिस्नेने तर २००७ पासून आपल्या अॅनिमेशनपटांच्या सुरुवातीला शीळ घालत सुकाणू फिरवणारा ‘स्टीमबोट विली’चाच मिकी लोगो म्हणून दाखवायला सुरुवात केली. मुदत संपायच्या सतरा वर्षं आधी उचललेलं हे पाऊल पुढचं पाहूनच टाकलं असावं, असं मला वाटतं.

तरीही ट्रेडमार्कचं काम एवढंच आहे की गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये. संपलेला कॉपीराइट ट्रेडमार्कच्या मागच्या दाराने परत आणता येणार नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे १९२८ च्या मिकीला घेऊन गोष्ट लिहिली, लघुपट केला, चित्रकथा काढली तर ती चालते. मुखपृष्ठावर तुमचं नाव ठळक हवं आणि ‘या निर्मितीशी डिस्ने कंपनीचा संबंध नाही’ अशी ओळ हवी. उलट ‘मिकी माऊस नर्सरी’ अशी पाटी लावणं किंवा टी-शर्टच्या छातीवर फक्त मिकीचं डोकं छापणं धोक्याचं, कारण बघणारा ते डिस्नेचंच समजेल. डोकं आणि दोन कान अशा तीन गोलांची आकृतीही याच कारणाने टाळावी.

बालवाडीच्या भिंतीवरचा रंगीत मिकी? तो वरच्या मजल्यावरचा आहे, म्हणजे परवानगीविना नियमात बसत नाही. भिंत रंगवणाऱ्याला १९२८ चा उंदीर पूर्ण खुला आहे. पंचतंत्रातले प्राणी तर कायमचेच खुले आहेत.

आपण भारतात, मग अमेरिकेच्या वर्षांशी काय देणंघेणं?

नियम साधा आहे: कृती जिथे दाखवाल किंवा विकाल, तिथला कायदा लागतो. भारतात लेखक, चित्रकार, संगीतकार यांच्या कृतींची मुदत त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि चित्रपट व ध्वनिमुद्रणं यांची प्रकाशनानंतर ६० वर्षं. दोन्हीकडे मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. आधी हा आकडा ५० होता. १९४१ साली गेलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या लेखनाचे हक्क संपत आले तेव्हा तो १९९२ मध्ये ६० केला गेला. परदेशी कृतीला तिच्या मूळ देशातल्यापेक्षा जास्त मुदत भारतात मिळत नाही. त्यामुळे अमेरिकेत खुलं झालेलं १९२८ चं कार्टून इथेही खुलंच.

उलटा प्रवास मात्र सरळ नाही. टिनटिन हा बेल्जियमचा पत्रकार पोरगा १९२९ चा, म्हणून त्याची पहिली कृष्णधवल फ्रेंच चित्रपट्टी अमेरिकेत १ जानेवारी २०२५ ला खुली झाली. युरोपात मुदत मोजतात ती चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. टिनटिनचा चित्रकार एर्जे १९८३ साली गेला, म्हणून तिथे २०५३ संपेपर्यंत कुलूप. बर्लिनमध्ये राहून मराठी चित्रकथा विकणाऱ्याने आणि न्यू जर्सीत राहून तेच करणाऱ्याने वेगवेगळी वर्षं मोजायची.

एकाच चित्रपटात किती हक्क दडलेले असतात

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. ‘श्यामची आई’ ही कादंबरी साने गुरुजींची. ते १९५० साली गेले, म्हणून कादंबरी १ जानेवारी २०११ पासून खुली. तिच्यावरून कोणीही नवं नाटक, नवं अॅनिमेशन करू शकतं. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा, तो ६० वर्षांच्या हिशेबाने १ जानेवारी २०१४ पासून खुला. पण त्याची पटकथा अत्र्यांची, ते १९६९ साली गेले, म्हणून तिचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत. संगीत वसंत देसाईंचं, ते १९७५ साली गेले, म्हणून २०३५ च्या अखेरपर्यंत. चित्रपटाचा हक्क संपला म्हणून त्यातल्या लेखनाचा आणि संगीताचा संपत नाही, असं आपला कायदा वेगळं सांगतो. तेव्हा ‘श्यामची आई’वर अॅनिमेशन करायचं असेल तर कादंबरी समोर ठेवा, चित्रपट नको. त्यातली चाल तर मुळीच उचलू नका.

याच नजरेने ‘स्टीमबोट विली’ तपासलं तर ते बरंच सोपं निघतं. त्यातली एक चाल एकोणिसाव्या शतकातलं लोकगीत आहे, दुसरी १९१० च्या सुमाराच्या गाण्याची. दोन्ही केव्हाच्या खुल्या. चित्रांसोबतचा मूळ आवाजही चित्रांबरोबरच सुटला.

प्रत्यक्ष काम करताना

सुरुवात नेहमी मूळ कार्टूनपासून करा. इंटरनेटवर चित्र शोधलं की नंतर बनवलेली पोस्टरं, खेळण्यांचे फोटो, रंगीत रूपं सगळी एकत्र येतात आणि त्यांतली बरीच अजून बंद आहेत. १९२८ च्या प्रतीतून हव्या त्या चौकटी काढा, त्यांवरून समोरून, बाजूने, पाठमोरा असा पात्राचा तक्ता स्वतः रेखाटा आणि पुढचं सगळं काम त्या तक्त्यावरूनच करा. चित्र तयार करून देणाऱ्या एआयकडे ‘१९२८ चा मिकी’ मागितला तरी तो पुष्कळदा हातमोजे चढवून देतो, कारण त्याने शिकलेली बहुतांश चित्रं नंतरची असतात. तिथे डोळ्यांत तेल घालून तपासा.

मूळ फिल्मवरचे ओरखडे पुसून केलेल्या स्वच्छ प्रतीवर साधारणपणे नवा हक्क तयार होत नाही. पण कोणी त्यात रंग भरले असतील किंवा नवं संगीत घातलं असेल, तर ती भर त्याची. म्हणून जुनी, साधी प्रत सर्वांत सुरक्षित.

कामाच्या फोल्डरमध्ये एक कागद ठेवा: कार्टूनचं नाव, प्रदर्शनाची तारीख, प्रत कुठून घेतली, वापरलेल्या चौकटी मिनिट-सेकंदासह. हा कागद लागतो तो यूट्यूबवर. तिथे जुळणारा आवाज किंवा चित्र दिसलं की यंत्रणा आपोआप मालकीचा दावा लावते. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवसांत ‘स्टीमबोट विली’ टाकणाऱ्या एका यूट्यूबरवर डिस्नेच्या नावाने असा दावा लागला होता. आक्षेप घेतल्यावर तो मागे घेतला गेला. तुमच्यावर वेळ आली तर ‘सार्वजनिक मालकीची कृती’ हे कारण निवडून आक्षेप नोंदवा आणि कागदातली तारीख लिहा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. त्याने दावा कायम ठेवला तर अपील करता येतं. पण अपिलानंतर त्याने व्हिडिओ काढायला लावला तर चॅनेलवर स्ट्राइक बसतो, आणि ९० दिवसांत असे तीन बसले की चॅनेल बंद होऊ शकतो. तारखांची शंभर टक्के खात्री असेल तरच अपिलापर्यंत जा.

आणखी एक गोष्ट भारतात विसरू नये. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार कृतीला आपलं नाव असण्याचा आणि तिची विटंबना होऊ न देण्याचा लेखकाचा हक्क वेगळा असतो, आणि कॉपीराइट संपला तरी तो संपतोच असं नाही. साने गुरुजींची कादंबरी वापरताना त्यांचं नाव द्यायलाच हवं.

मुदत संपली की कलाकाराचं नुकसान नाही का?

वॉल्ट डिस्ने १९६६ मध्ये गेला, आयवर्क्स १९७१ मध्ये. २०२३ पर्यंतच्या मुदतीचा फायदा त्यांना नव्हे, कंपनीला मिळत होता. ती कंपनी उभी राहिली तीही खुल्या गोष्टींवर: हिमगौरीची कथा ग्रिम बंधूंची, पिनोकिओ कोलोडीचा. ‘स्टीमबोट विली’चं नावसुद्धा त्याच वर्षीच्या बस्टर कीटनच्या चित्रपटाच्या नावावरून सुचलेलं. घेतलेलं परत देण्याची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली, म्हणून २०२४ ची बातमी एवढी मोठी झाली.

मुदत लांबली की सर्वांत जास्त झळ बसते ती मालक न सापडणाऱ्या कृतींना. परवानगी देणारं कोणी नसतं, म्हणून प्रती काढल्या जात नाहीत, आणि तोवर फिल्म कुजते. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले मूठभर शिल्लक आहेत. त्याला आग, हलगर्जी, चांदीसाठी वितळवलेल्या फिल्म अशी अनेक कारणं आहेत, पण जे उरलं आहे त्याच्या प्रती काढून ते वाचवायचं असेल तर कायद्याचा अडसर लवकर हटलेला बरा. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात जपलेला प्रत्येक जुना तुकडा याच कारणाने मोलाचा आहे.

आणि आपल्याकडचं अॅनिमेशन? फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलवून केलेला छोटा चित्रपट केव्हाचा खुला आहे. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेकडून आलेल्या क्लेअर वीक्सने चित्रकार तयार केले आणि जातककथेवरचा ‘द बनियन डिअर’ १९५७ साली निघाला. सरकारी कृतींनाही प्रकाशनानंतर ६० वर्षंच मिळतात, त्यामुळे तो १ जानेवारी २०१८ पासून खुला. विजया मुळे यांचा, भीमसैन यांच्या चित्रांचा ‘एक अनेक और एकता’ १९७४ चा, तो १ जानेवारी २०३५ ला खुला होईल. ‘द बनियन डिअर’ला मराठी निवेदन देऊन शाळांतून दाखवायचं कोणाच्या मनात असेल तर चित्रांचा प्रश्न मिटलेला आहे. फक्त श्रेयनामावलीतून संगीतकार आणि निवेदनलेखक शोधा, त्यांची मृत्युवर्षं तपासा, आणि त्यात ६० मिळवून ३१ डिसेंबर उलटला आहे का ते पाहा. उलटला नसेल तर नवं संगीत आणि नवं निवेदन करून घ्या.